राखलेलं गिऱ्हाईक

"नाही हो मॅडम, दुसऱ्या कुणाला दाखवलीसुद्धा नाही. गाठोडं सुटलं, ही हातात आली आणि म्हटलं, ही आपल्या राजलक्ष्मी मॅडमची. तशीच बाजूला ठेवलीय."

रुपाली फोनवर बोलत होती आणि समोरच्या स्टुलावर बसून सिद्धार्थ ऐकत होता. साडी बाजूला वगैरे काही ठेवलेली नव्हती. खाली दुकानात, पांढऱ्या गादीवर, तसल्या काळ्या चंद्रकळांचा ढीग पडला होता. संक्रांत तोंडावर आली होती आणि ढीग म्हणावा तसा उतरत नव्हता.

पलीकडून खुदकन हसल्याचा आवाज आला. "अगं, पण या वयात काळी साडी नेसून मी मिरवू कुठे?"

"मिरवायला कशाला जायचं? घरात नेसा. तुमच्या गोऱ्या रंगाला खुलून दिसेल."

"मी गोरी आहे हे तुला काय ठाऊक? पाहिलंयस का मला कधी?"

"आवाजावरून कळतं, मॅडम."

बाई पुन्हा हसल्या. मग थोडा वेळ भानोल्याबद्दल, त्यांच्याकडच्या खोबरं-कोलंबीच्या खरपूस वडीबद्दल, बोलल्या. हल्ली कामाची गंगू खोबरं नीट वाटत नाही, मिस्टरांना ते कसं लागायचं, असं काहीबाही. रुपाली हूं हूं करत राहिली. शेवटी बाईच म्हणाल्या, "पाठव मग. तू एवढी ठेवलीयस तर नाही कसं म्हणू?"

फोन ठेवल्यावर सिद्धार्थने टाळी वाजवली. "रुपालीताई, मानलं तुम्हाला. बाई नको नको म्हणत होत्या आणि शेवटी स्वतःहून पाठव म्हणाल्या. त्या नव्या आकांक्षाला शिकवा ना हे जरा."

रुपाली हसली. तिला बरं वाटलं होतं, हे खोटं नव्हतं.

रानडे रोडच्या गल्लीतल्या 'सोनकाठ' साडीघरात रुपाली घाडी लग्नाच्या आधीपासून कामाला होती. रमाकांतशेठनी तिला ठेवून घेतलं तेव्हा ती गादीवरच्या बायकांमध्ये सगळ्यांत लहान होती. घडी मोडायची, पदर खांद्यावर टाकून दाखवायचा, पुन्हा घडी घालायची. दिवसभर उभं राहून राहून तिच्या पायांच्या शिरा फुगल्या, पोटऱ्यांवर निळ्या गाठी आल्या. केईएममधल्या डॉक्टरांनी उभं राहायचं काम बंद करा म्हणून सांगितलं. आता दुकान सुटणार असं ती धरून चालली होती. नेमकं त्याच सुमारास रमाकांतशेठचा मुलगा सिद्धार्थ दुकानात बसायला लागला.

त्याने पुण्यात मार्केटिंगचं शिक्षण घेतलं होतं. मुलगा वाईट नव्हता. दुकानाची अवस्था त्याच्या लगेच लक्षात आली. मुली साड्या मोबाईलवर मागवायच्या, आया लग्नसराई सोडून फिरकायच्या नाहीत. त्याने आधी पेपरांतून पत्रकं टाकून पाहिली, मग सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर रोज सकाळी साड्यांचे फोटो पाठवले. लोकांनी पत्रकांत भेळ खाल्ली आणि फोटो न बघता पुसले. मग त्याने जुन्या बिलांवरचे फोन नंबर काढले आणि पोटमाळ्यावर काचेची एक खोली करून त्यात रुपालीला खुर्चीवर बसवलं.

"नवीन गिऱ्हाईक आणायला जाहिरात लागते, ताई. जुनं राखायला माणूस लागतो," तो म्हणाला होता.

त्याने शिकवलेल्या गोष्टी थोड्या होत्या. वाढदिवस चुकवायचा नाही. बोलताना समोरच्या बाईचं नाव दोन-तीनदा तरी घ्यायचं, कारण स्वतःचं नाव ऐकायला सगळ्यांना आवडतं. 'हवी आहे का' असं कधीच विचारायचं नाही. 'पाठवू की तुम्ही येताय' असं विचारायचं. रुपालीला यातलं काही जड गेलं नाही. गादीवर ती इतकी वर्षं हेच करत आली होती. फक्त आता पाय दुखत नव्हते आणि डोक्यावर पंखा होता.

गिरगावच्या राजलक्ष्मी त्रिलोकेकर तिला तिथेच भेटल्या, फोनवर. वाढदिवसाचा फोन केला तेव्हा बाईंनी आधी कोण बोलतंय म्हणून दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "आज सकाळपासून पहिला फोन तुझा." त्या दिवशी त्यांनी साडी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून नारायणपेठी मागवली. तेव्हापासून बोलणं वाढत गेलं. मिस्टर कस्टममध्ये होते. मुलगा देवदत्त पवईला असतो, त्याला कामं फार. बाई बोलायच्या छान, जुन्या वळणाचं, प्रत्येक शब्द सुटा. रुपालीची आई ती लहान असताना गेली होती. दुपारी आठवणीने या बाईंचा नंबर फिरवताना आपण काम करतोय असं तिला वाटायचं नाही. आणि फोन ठेवताना साडी मात्र गेलेली असायची.

चंद्रकळा पाठवल्याला आठवडा झाला असेल. बाईंचाच फोन आला.

"रुपाली, ती काळी साडी ठेवलीयस ना गं माझ्यासाठी?"

"मॅडम, ती पाठवली ना मागेच. दुकानातला मयूर घेऊन आला होता. तुम्ही घेतलीत."

मग घाईघाईने बोलणं आलं, "हो का? हो, हो. ती नव्हे गं. ही दुसरी. तू म्हणाली होतीस ना, बाजूला ठेवलीय म्हणून."

रुपालीच्या ओठांवर आलं होतं की मॅडम, दुसरी कुठली नाही. काचेपलीकडे सिद्धार्थ उभा होता. त्याने भुवया उंचावून 'काय?' असं विचारलं. संक्रांतीला दोन दिवस राहिले होते आणि ढीग अजून गुडघ्याएवढा होता.

"हो मॅडम," ती म्हणाली. "पाठवते."

त्या दिवशी घरी जाताना नायगावच्या स्टॉपवर ती उतरायची विसरली. पुढच्या स्टॉपवरून चालत मागे आली. आपण काय केलं, हे तिला नेमकं कळत होतं. एक साडी जास्त गेली, बाईंना परवडते, असं ती स्वतःला सांगत राहिली.

नंतर ते वाढतच गेलं. बाई एकच गोष्ट दोनदा सांगायच्या. गुरुवारला शुक्रवार म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "आज कुठली नेसू गं? हे यायचेत संध्याकाळी." मिस्टरांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. रुपालीने गडबडून माहेश्वरीचं नाव घेतलं. बाई खूश झाल्या.

तिने सिद्धार्थला सांगून पाहिलं. "बाईंना आठवत नाही हो हल्ली."

"म्हातारपणी कुणाला आठवतं? माझी आजी मला बाबांच्या नावाने हाक मारायची." त्याने लॅपटॉपवरून मान वर केली. "त्यांना आपल्याशी बोलून आनंद होतोय ना? कंप्लेंट आहे का काही?"

कंप्लेंट काहीच नव्हती.

पाडव्याच्या आधी बाईंनी हट्ट धरला. "या खेपेला तूच घेऊन ये. तो मुलगा दारातूनच जातो. तुझ्यासाठी भानोलं करते."

सिद्धार्थला कल्पना फारच आवडली. "जा ना ताई! होम व्हिजिट. हेच तर मॉलवाले देऊ शकत नाहीत."

ठाकूरद्वारच्या पुढे, मुख्य रस्त्याला लागूनच, जिन्याला गुळगुळीत लाकडी कठडा असलेली ती इमारत होती. रुपाली हातात साडीचा बॉक्स घेऊन जिना चढली. दार एका काटक बाईने उघडलं. ती गंगुबाई असणार हे रुपालीला लगेच कळलं. गंगुबाईने बॉक्सवरचं 'सोनकाठ' वाचलं आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"आणखी आणलात?"

हॉल स्वच्छ होता. शिसवी कोच, भिंतीवर हार घातलेला फोटो, खिडकीत तुळस. कोचावर बाई बसल्या होत्या. रुपालीने मनात धरलेल्या बाईंपेक्षा त्या खूप लहानखुऱ्या निघाल्या, सावळ्या आणि बारीक. अंगावर धुऊन धुऊन रंग उडालेला गाऊन होता. त्यांनी अनोळखी नजरेने पाहिलं.

"कोण पाहिजे?"

"मॅडम, मी रुपाली."

आवाज ऐकला आणि बाईंचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "अगं बाई! रुपाली! ये, ये. अशी आहेस होय तू? गंगू, ताट वाढ."

भानोलं काही केलेलं नव्हतं. गंगुबाईने चहा आणि बिस्किटं आणून ठेवली. समोर भानोलं नाही हे विसरून बाई आग्रह करत राहिल्या, "घे गं, खोबरं ताजं आहे." रुपालीने बिस्किट खाल्लं आणि छान झालंय म्हणून सांगितलं.

तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी तो झटकन उचलला. "हो, राजलक्ष्मीच बोलतेय. गुड आफ्टरनून. हो, गादी आली ना. छान आहे. दुसरी? आता माझ्यासाठी ठेवलीच आहे म्हणताय तर..." त्या बोलत असताना रुपालीने चहाचा कप खाली ठेवला. वाक्य तिचंच होतं. फक्त बोलणारं माणूस दुसरं होतं.

"गादीवाले," बाई फोन ठेवून कौतुकाने म्हणाल्या. "फार अदबीचा मुलगा आहे. सकाळी तो पाण्याच्या मशीनवाला करतो. ती गुडघ्याच्या तेलाची मुलगीसुद्धा." मग त्या जरा पुढे झुकल्या, गुपित सांगितल्यासारख्या. "तुला सांगू? हे गेल्यापासून या घरात माझं नाव घेणारं कुणी राहिलं नाही. देवदत्त आई म्हणतो, गंगू बाई म्हणते. राजलक्ष्मी म्हणणारे तुम्हीच काय ते फोनवाले."

तिने पाणी मागितलं. पाणी प्यायला म्हणून ती गंगुबाईच्या मागे आत गेली आणि आतल्या खोलीच्या दारात थबकली.

पलंग दिसतच नव्हता. त्यावर आढ्याला टेकतील असे बॉक्स रचले होते. सोनकाठचे, तोच सोनेरी काठ छापलेले, पट्टीसुद्धा न काढलेले. खाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या दोन गाद्या उभ्या होत्या. तेलाच्या बाटल्यांची खोकी, मासिकांचे गठ्ठे, भिंतीला लावायचं राहून गेलेलं पाण्याचं मशीन.

"मग झोपतात कुठे?" रुपालीने विचारलं.

"त्या कोचावर. बसल्या बसल्या." गंगुबाईने आवाज खाली आणला. "मी बॉक्स हलवले तर अंगावर येतात. म्हणतात, माझ्या माणसांनी दिलेत."

"उघडत नाहीत एकही?"

"कशाला उघडतील? त्यांना साडी नको असते, ताई. फोन पाहिजे असतो. घेतलं नाही तर पुन्हा करणार नाहीत, ही भीती." गंगुबाई ओट्याकडे वळली. "दादा येतात महिन्यातून एखाद्या रविवारी. हॉलमध्ये बसतात, जेवतात, औषधं ठेवतात. आतली खोली मी बंद ठेवायची, असा बाईंचा हुकूम आहे. मी सांगायला गेले तर मला काढून टाकतील. माझ्यामागे त्यांना कोण बघेल?"

निघताना रुपालीने बॉक्स परत न्यायचा प्रयत्न केला. "मॅडम, ही राहू द्या. रंग जरा फिका निघालाय."

"वा! माझी आहे ती." बाईंनी बॉक्स छातीशी धरला. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. "तू रागावलीस का? फोन करशील ना उद्या?"

"करीन, मॅडम."

जिन्यात तिने गंगुबाईकडून देवदत्तचा नंबर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपाली डब्याची भाजी परतत होती आणि भाजी खाली लागल्याचा वास तिच्या सासूला आधी आला.

"गे, करपता मा ता. लक्ष खय आसा तुझा?"

सासूला सगळं सांगणं तिला सोपं जायचं. नवरा निलेश शिवडीच्या गोदामात पहिल्या पाळीला गेला होता. तिने गॅस बंद केला आणि सांगून टाकलं. पहिली चंद्रकळा, दुसरी चंद्रकळा, कोच, पलंग. म्हातारी कोथिंबीर निवडत ऐकत होती.

"माका एक सांग. ती बाय तुका नाय म्हणूक शकत नाय, ह्या तुका ठावक होता मा?"

रुपाली कढईतली करपलेली भाजी खरवडत राहिली.

"होता," सासू स्वतःच म्हणाली आणि पुन्हा कोथिंबीर निवडायला लागली. तेच रुपालीला जास्त लागलं.

दुकानात गेल्या गेल्या ती सिद्धार्थसमोर उभी राहिली. "गिरगावच्या बाईंचं नाव आपल्या यादीतून काढा. आणि जेवढे बॉक्स बंद आहेत तेवढे परत घ्या. मी स्वतः जाऊन आणते."

सिद्धार्थने सगळं ऐकून घेतलं. पलंगाचं ऐकताना तो थोडा अस्वस्थही झाला. पण मग त्याने पेन टेबलावर आपटायला सुरुवात केली. "ताई, हे वाईट आहे, मान्य. पण ही मुलाची जबाबदारी आहे ना? आपण जबरदस्ती केली का? बाई स्वतः फोन करून मागवतात. वर्षभराचा माल आपण परत घ्यायला लागलो तर पाडव्याला शटर ओढावं लागेल. खाली उभ्या आहेत त्या मुलींचं काय?"

"निदान फोन तरी बंद करा."

"बरं. तुम्ही नका करू त्यांना फोन. टेन्शन घेऊ नका."

तिला वाटलं, विषय संपला. तीन-चार दिवस ती काचेच्या खोलीत दुसऱ्या बायकांना फोन करत राहिली. प्रत्येक वेळी 'बाजूला ठेवलीय' हे शब्द तोंडाशी आले की ती अडखळायची. मग एका दुपारी पलीकडच्या टेबलावरून आकांक्षाचा आवाज आला. आकांक्षा नवीन होती, लालबागची, चुणचुणीत.

"नमस्कार राजलक्ष्मी मॅडम! मी आकांक्षा. रुपालीताईंनीच मला सांगितलं, आपल्या राजलक्ष्मी मॅडमना आधी दाखव म्हणून. गडवाल आहे. तुमच्यासाठीच बाजूला ठेवलीय."

रुपाली उठली. आकांक्षाच्या हातातून तिने फोन घेतला नाही, तिला ओरडलीसुद्धा नाही. ती पोरगी रुपालीनेच शिकवलेलं बोलत होती. रुपाली मागच्या जिन्याने खाली उतरली, गल्लीत फुलवाल्याच्या टोपल्यांशेजारी उभी राहिली आणि तिने देवदत्त त्रिलोकेकरांना फोन लावला.

"मला काही नको आहे," तिने दुकानाचं नाव सांगताच पलीकडून आवाज आला.

"साहेब, मी विकायला फोन केला नाहीये. तुम्ही एकदा आईंकडे जा. आतली खोली उघडून बघा."

"तुम्ही कोण?"

"त्या साड्या मीच विकल्यात," रुपाली म्हणाली.

दोन दिवसांनी भर दुपारी ते दुकानात आले. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, साधा शर्ट घातलेला माणूस. त्यांच्या मागे टॅक्सीवाला बॉक्स आत आणून ठेवत होता. गादीवरच्या बायका साड्या बघायच्या थांबल्या. रमाकांतशेठ गल्ल्यावरून उठले.

"रुपाली कोण?" देवदत्तनी विचारलं.

ती पुढे झाली.

"माझी आई गेलं वर्षभर कोचावर बसून झोपतेय. पाय सुजलेत तिचे. डॉक्टर म्हणतात, रात्रभर पाय खाली सोडून बसल्यामुळे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही तिला रोज विचारत होता ना, कशा आहात मॅडम? काय सांगायची ती?"

"बरी आहे म्हणायच्या."

"आणि तुम्ही साडी विकायचात."

"हो."

सिद्धार्थ पोटमाळ्यावरून धावत खाली आला. त्याने देवदत्तना खुर्ची दिली, सरबत मागवलं. "सर, आम्हाला खरंच कल्पना नव्हती. दुकानाची अशी पद्धत नाही. आमच्या ताई जुन्या आहेत, त्या गिऱ्हाइकाशी जरा जास्तच जवळीक करतात. आम्ही त्यांना समज देऊ. माल सगळा परत घेऊ."

रुपालीने त्याच्याकडे पाहिलं. सिद्धार्थने नजर दुसरीकडे वळवली. रमाकांतशेठना खरं काय ते माहीत होतं. ते चष्मा पुसत राहिले. आपल्याला तिनेच फोन करून सांगितलं होतं, हे देवदत्त बोलले नाहीत. कदाचित रागात त्यांच्या ध्यानात आलं नसेल. तिनेही ते सांगितलं नाही. सांगून, दुसरी चंद्रकळा पाठवली होती हे काही पुसलं जाणार नव्हतं.

"आईचा नंबर मी बदललाय," जाताना देवदत्त म्हणाले. "आता कुणाचाच फोन येणार नाही तिला."

संध्याकाळी सिद्धार्थने तिला बोलावलं. तो बराच वेळ मोबाईलशी चाळा करत राहिला. "तुम्हाला काढायचं नाहीये, ताई. बाबा नाहीच म्हणाले. पण फोनवर आता नको. खाली गादीवर उभ्या राहा. लोकांसमोर मला काहीतरी केलेलं दाखवावं लागेल."

"माझे पाय..."

"मधून मधून बसा ना. कुणी काही म्हणणार नाही."

दुकानात गिऱ्हाईक असताना कुणी बसत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

मग लग्नसराई सुरू झाली. रुपाली पोटऱ्यांना पट्ट्या बांधून उभी राहू लागली. घडी मोडायची, पदर खांद्यावर टाकायचा, घडी घालायची. संध्याकाळपर्यंत पट्ट्यांच्या वर मांस फुगून यायचं. निलेश म्हणाला, सोड नोकरी. ती म्हणाली, लग्नसराई होऊ दे. बायका विचारायच्या, "ताई, हा रंग मला शोभेल का?" आणि ती खरं तेच सांगायची. त्यामुळे कधी साडी जायची, कधी नाही. सिद्धार्थ ते बघायचा आणि काही बोलायचा नाही. आकांक्षा वर फोन करत असायची. तिचा आवाज पोटमाळ्यावरून थोडाथोडा खाली यायचा.

राजलक्ष्मीबाईंचं काय झालं असेल, हे तिच्या मनात रोज यायचं. कुणाचाच फोन नाही. ते घर, तो कोच, आणि हातातला न वाजणारा फोन. चांगलं झालं की वाईट, हे तिला ठरवता येत नव्हतं.

वैशाखातल्या एका सकाळी तिचा स्वतःचा मोबाईल वाजला. देवदत्त होते. त्यांचा आवाज पार उतरलेला होता.

"मी त्या दिवशी बोललो ते... असो. एक विचारायचं होतं. आई जेवत नाहीये. पलंग मोकळा केलाय, नर्स ठेवलीय, मी रोज रात्री जातोय. पण ती दिवसभर फोन हातात घेऊन बसते. म्हणते, माझ्या माणसांचं मी काय बिघडवलं? कुणाशी बोलत नाही." ते थांबले. "तुम्ही एकदा फोन कराल का? हवं तर मी तुमच्या वेळेचं..."

"ते नको, साहेब," रुपाली म्हणाली. "नंबर द्या."

दुपारच्या सुट्टीत ती मागच्या जिन्यात जाऊन बसली. पाय वरच्या पायरीवर आडवे टाकले. नंबर लावला आणि घंटा वाजायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की काय बोलायचं हे आपल्याला माहीत नाही. आजवरच्या प्रत्येक फोनला शेवट ठरलेला होता. साडीपर्यंत पोचायचं असायचं, म्हणून रस्ता सापडायचा. आता पोचायला काही नव्हतं.

"कोण?" आवाज बारीक झाला होता.

"मी रुपाली बोलतेय."

पलीकडे मागे भांड्याचा आवाज झाला.

"मला काही घ्यायचं नाही," बाई म्हणाल्या. पाठ करून घेतल्यासारखं. "देवदत्त रागावतो."

"मी काही विकत नाहीये, मॅडम."

"मग कशाला फोन केलास?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. रुपालीने भिंतीला डोकं टेकवलं. शेवटी जे पहिलं सुचलं ते ती बोलली.

"जेवलात का, ते विचारायला."

"नाही."

"का?"

"एकटीला काय जेवायचं?"

"मग मी थांबते फोनवर. तुम्ही जेवा. गंगुबाईंना ताट आणायला सांगा."

बाईंनी हाक मारली. खुर्ची सरकली, ताट ठेवलं गेलं. फोन बहुधा टेबलावर ठेवला असावा, कारण आवाज लांबून यायला लागले. वाटी सरकली. पाण्याचा घोट घेतला. मग थांबत थांबत घास चावल्याचा आवाज. रुपाली काही बोलत नव्हती. बाईही बोलत नव्हत्या. मध्येच एकदा त्यांनी घाबरून विचारलं, "आहेस ना?"

"आहे."

"मीठ कमी आहे आमटीत."

"वरून घ्या थोडं."

"हं."

सुट्टीत खाली गादीवर आलेल्या आकांक्षाने हाक मारली, "रुपालीताई, गिऱ्हाईक आलंय. कांजीवरम काढायचीय, लवकर या!" रुपालीने फोनवर तळहात धरला.

"त्यांना बसायला सांग," ती म्हणाली. "मला वेळ लागेल."

आणि हात काढून तिने फोन पुन्हा कानाला लावला. बाई भात कालवत होत्या.